पहारा देविदास फुलसिंगचा

आमच्या गावात चहाची दोन हॉटेलं आहेत, एकमेकांसमोर. उत्तमरावसाहेब हयात होते तेव्हापासून रिवाज असा, की उगवतीकडच्या हॉटेलात बसलं की साहेब देवमाणूस, आणि मावळतीकडच्या हॉटेलात बसलं की तेच साहेब तालुका गिळून बसलेला राक्षस. मी दोन्हीकडं चहा पितो. मला कीर्तनाचा नाद. टाळकरी दोन्ही बाजूंना लागतात, एकाच बाजूचे टाळ वाजले की कीर्तन लंगडतं.

साहेबांनी चौऱ्याण्णव साली गावाबाहेर सूतगिरणी उभी केली. त्याआधी भाषणात म्हणाले होते, "या तालुक्यात एकही हात रिकामा राहणार नाही." शब्द पाळला म्हणायचा, कारण त्यानंतर साहेबांची गाडी दिसली की प्रत्येक हात नमस्कारात गुंतलेला असायचा. गिरणीत भरतीची मुलाखत साहेबांच्या ओसरीवर व्हायची आणि प्रश्न एकच असायचा: "कोणाचा रे तू?" भावकीतला निघाला की जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, सोयऱ्यातला निघाला की वॉचमन. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा निघाला की कापसाच्या गाठी उचलायला बदली कामगार, आणि बदली म्हणजे सकाळी फाटकाशी येऊन उभं राहायचं, कोणी आजारी पडला असेल तर आत.

पण खरं सांगायचं तर निराधारांची यादीही साहेबांनीच करवून घेतली होती. विधवा बायका ओसरीवर रांगेनं बसायच्या. साहेब तहसीलदाराच्या टेबलावर मूठ आपटायचे, "या माउल्या काय तुमच्या मेहरबानीवर जगायच्या का?" आणि यादी मंजूर व्हायची. तांड्यावरच्या मोतीबाईचा नवरा फुलसिंग गाठीखाली सापडून गेला. तेव्हा साहेबांनी नुकसानभरपाईचं नाव काढलं नाही. निराधारचा पगार, म्हणजे सरकारी अनुदान, मात्र महिन्याभरात सुरू करून दिला. मोतीबाईच्या घरात साहेबांचा फोटो होता. भिंतीकडं तोंड करून टांगलेला. फोटो काढून टाकवत नव्हता, आणि बघवतही नव्हता.

दोन हजार एकला गिरणी बंद पडली. कागदावर ती बंद नाही. तिथं ती 'तात्पुरत्या विश्रांतीत' आहे. बंद पडायच्या महिनाभर आधी सरकारची मदत मिळवायची म्हणून एका दुपारी बसून सगळे बदली कामगार मस्टरवर कायम करून टाकले. मोतीबाईचा मुलगा देविदास तेव्हा कायम झाला. त्याला स्वतःला हे तीन वर्षांनी कळलं. तोपर्यंत तो बायकोला घेऊन सांगलीकडं ऊसतोडीला लागला होता.

दोन हजार तीनला साहेब गेले. त्यांच्या मागं चिरंजीव सोमेश्वरराव, म्हणजे आमचे भैय्यासाहेब, विश्रांतीतल्या गिरणीचे चेअरमन झाले.

आता मी सांगतो ती गोष्ट दोन हजार सहाची. साहेबांची तिसरी पुण्यतिथी. चौकात पुतळा बसवायचा, त्याआधी सप्ताह, आणि काल्याच्या कीर्तनानंतर मुंबईहून एक मोठे पुढारी येऊन पुतळ्यावरचं कापड ओढणार.

सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकानं गळ्यात घालून तासभर उभं राहायचं, नामस्मरण करायचं, तास संपला की दुसऱ्यानं येऊन पाया पडायचं आणि वीणा आपल्या गळ्यात घ्यायची. याला पहारा म्हणतात. वीणेकरी कोण आहे हे बघायचं नसतं. येईल तो त्याच्या पायावर डोकं ठेवतो, सरपंच असो की सालगडी. आमच्या गावात एक नियम जास्तीचा आहे. एक्याण्णव साली दोन पार्ट्यांत पहाऱ्यावरून भांडण झालं, ओढाओढीत वीणेची तार तुटली, तेव्हा खुद्द साहेबांनी निवाडा दिला होता: फळ्यावर ज्याचं नाव, वीणा त्याच्या किंवा त्याच्या घरच्याच हातात जाईल, तिसऱ्याच्या नाही. तेव्हापासून फळा लिहायचं काम माझ्याकडं. खडू, ओला फडका आणि मी.

सप्ताहाच्या आधी पंधरा दिवस भैय्यासाहेबांनी मला गिरणीच्या ऑफिसात बोलावलं. गिरणीचा क्लार्क मुंजाजी तिथं होताच. गिरणी झोपली तरी मुंजाजी रोज दहाला येऊन खुर्ची झटकतो.

"तातेराव," भैय्यासाहेब म्हणाले, "सात दिवसांचे तास किती?"

"एकशे अडुसष्ट."

"अन् आपल्या मस्टरवर कामगार किती, मुंजाजी?"

"एकशे सदुसष्ट, भैय्यासाहेब."

"मी धरून एकशे अडुसष्ट!" त्यांनी टेबलावर थाप मारली. अगदी वडिलांसारखी, फक्त आवाज कमी. "साहेबांनी उभा केलेला एकेक कामगार साहेबांसाठी एकेक तास उभा राहणार. पाहुण्यांना फळाच दाखवू. विरोधक म्हणून राहिले ना, नोकऱ्या कुठं हाईत? ह्या बघा म्हणावं, नावानिशी."

मी म्हणालो, "भैय्यासाहेब, यातली निम्मी लोकं गावात न्हाईत."

"घरचं कोणी चालतंय की. साहेबांचाच नियम हाय."

आणि मस्टर उघडून मुंजाजी नावं सांगायला लागला. मस्टरात वर भावकी, मग सोयरे, आणि तळाला तांडा. फळ्यावरही तसंच उतरलं. शेवटच्या दिवशी नऊ ते दहा भैय्यासाहेब, म्हणजे गर्दी भरात असताना सगळ्यांनी त्यांच्या पाया पडावं. दहाला काल्याचं कीर्तन सुरू, आणि ते सिद्धेश्वरच्या विश्रामगृहावर पाहुण्यांना आणायला मोकळे. बाराला सप्ताह संपणार, तोवर उरलेल्या दोन तासांना मस्टरातली शेवटची दोन नावं. दहा ते अकरा देविदास फुलसिंग राठोड. अकरा ते बारा सेवा जेमला चव्हाण.

मी लिहून घेत होतो, तेवढ्यात दारात मोतीबाई येऊन उभी राहिली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"मालक, येक दाखला पायजे होता. देविदास तुमच्याकडं कामाला न्हाई असा."

"काहून न्हाई?" भैय्यासाहेब म्हणाले. "मस्टरवर नाव हाय. कायम हाय. लोकं कायम व्हायला मरून राहिले अन् तुमी न्हाई म्हणा म्हणता?"

"तहसीलीत माझा पगार बंद केला, मालक. म्हणले, तुमचं पोरगं कायम नोकरीत हाय, तुमी निराधार कशा? ही बघा तुमच्याच गिरणीची यादी. त्यो तर ऊस तोडून राहिला. नात माझ्यापाशी हाय, निलम, शाळेत जाती. पगार न्हाई आला तर पुढच्या हंगामाला कोयता धरायला पोरीलाबी घेऊन जातील. घरी दोघींच्या तोंडात काय घालू?"

"रजेवर असंल देविदास," मुंजाजी म्हणाला.

"पाच वर्सं?"

"बिनपगारी असती तशी एक," मुंजाजीनं नियम सांगितला.

भैय्यासाहेब उठून खिडकीशी गेले. बाहेर गिरणीच्या पटांगणात कोणाच्या तरी म्हशी बसल्या होत्या. "मोतीबाई, पुतळा बसायच्या महिन्यात मी माझ्या सहीनं लिहून देऊ की साहेबांच्या गिरणीत माणूस कामाला न्हाई? आज तुमाला दिला की उद्या सगळा तांडा येईल. बिघडलेलं सगळं आमीच करून राहिलो का? तुमचा पगार सुरू कोणी केला होता?"

"साहेबांनी."

"मग!"

मोतीबाईनं कागद पिशवीत ठेवले. ती निघाली तसा मी मागं गेलो. मला तिच्याशी बोलायचं होतं, पण फळ्याची काळजी तोंडातून आधी निघाली. "मावशी, देविदासचा पहारा लागलाय. शेवटच्या दिवशी दहाला. तुमी उभ्या राहताल का?"

तिनं हात जोडले. "देवाचं काम हाय. येते."

मला बरं वाटलं. आता लाज वाटते.

सप्ताह मोठा झाला. सहा दिवस नर्सीकडचे म्हातारे महाराज रोज संध्याकाळी कीर्तनाला उभे राहिले. काय गोड गळा! ते आळवायला लागले की मावळतीच्या हॉटेलातली माणसंसुद्धा डोळे पुसायची आणि पुसून झाल्यावर इकडंतिकडं बघायची, कोणी पाहिलं तर नाही ना. साहेबांबद्दल मात्र महाराज एक अक्षर बोलेनात. मुंजाजीनं तीनदा चिठ्ठी दिली, 'दोन शब्द साहेबांच्या कार्याविषयी'. महाराजांनी तिन्ही वेळा ती कपाळाला लावली आणि बंडीच्या खिशात ठेवली.

फळ्याचं काय झालं म्हणाल, तर पहिले चार दिवस भावकी आणि सोयरे. जॉबर म्हणून मस्टरवर असलेला एक जण वीणा घेताना मला विचारत होता, "तातेराव, जॉबर म्हंजी नेमकं काय करायचं असतं हो?" तळाचा तांडा आला तसे पहाऱ्याला म्हातारे, सुना, सासवा येऊ लागल्या. त्यांनी तक्रार केली नाही, तास चुकवला नाही. पायात काटे मोडलेल्या बाया तास तास हालल्या नाहीत. भैय्यासाहेबांचे सख्खे मेहुणे अर्ध्या तासात खुर्ची मागत होते.

शेवटचा दिवस. सकाळी नऊला भैय्यासाहेबांनी वीणा गळ्यात घेतली. पांढरा पोशाख, डोक्याला केशरी फेटा, समोर हिंगोलीहून आणलेला फोटोवाला. मंडप भरून सांडला होता. माणसांची रांग लागली, एकेक जण त्यांच्या पायावर डोकं ठेवत होता, आणि फोटोवाला दर डोक्याला उजेड पाडत होता. वीणेकऱ्यापुढं माईक कायमचा बांधलेला, नाम साऱ्या गावाला ऐकू जावं म्हणून. बसस्टँडच्या खांबावर, शाळेवर, दोन्ही हॉटेलांवर कर्णे. पुढच्या खुर्च्यांत बंदोबस्तासाठी आलेले नायब तहसीलदार.

दहा वाजले. महाराज उठून कीर्तनाच्या जागी आले, टाळकरी दोन्ही बाजूंना उभे राहिले. भैय्यासाहेबांची गाडी मंडपाबाहेर सुरूच करून ठेवलेली. मी माझ्या माईकवर पुकारलं, "दहा ते अकरा, देविदास फुलसिंग राठोड. देविदास किंवा त्यांच्या घरचं कोणी."

बायकांतून मोतीबाई उठली. धुतलेलं लुगडं, कपाळाला बुक्का. पुढं आली, भैय्यासाहेबांच्या पायावर डोकं ठेवलं. भैय्यासाहेबांनी घाईनं वीणेचा पट्टा मानेवरून काढला आणि वीणा पुढं केली.

मोतीबाईनं हात पुढं केले नाहीत.

"भैय्यासाहेब, मी कोण म्हणून घेऊ?"

माईक चालू होता. बसस्टँडच्या कर्ण्यानं तेच वाक्य जरा मागून म्हटलं.

"कोण म्हणून म्हंजी? तुमचा पहारा हाय, घ्या."

"माझा न्हाई. गिरणीच्या कामगाराचा हाय, फळ्यावर लिवलंय. देविदास कामावर असंल तर त्यालाच हाक मारा. गिरणी काय लांब हाय? अन् कामावर नसंल तर तसं सांगा, मंग मी त्याची याडी म्हणून घेते. आमच्यात आईला याडी म्हणतात. पर गळ्यात वीणा घालून खोट्या नावावर उभं ऱ्हायचं मला व्हनार न्हाई, मालक. समोर देव बसलाय."

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. डाव असता तर कुठंतरी दिसला असता. डोळे तेवढे जागरणानं लाल होते. पंधरा दिवस तिला झोप आली नव्हती, ती पगारामुळं नव्हे, हे मला तेव्हा कळलं. मी देवाच्या फळ्यावर मस्टर उतरवलं होतं, आणि ते तिला उचलत नव्हतं.

मुंजाजी धावत आला. "द्या भैय्यासाहेब, मी धरतो!"

"मुंजाजी, फळ्यावर नाव दाखव आदी!" पुरुषांतून कोणी ओरडलं.

"तुझा पहारा सोमवारीच झाला की!" दुसरा म्हणाला. "तवाबी डुलक्याच घेऊन राहिला होतास."

"साहेबांचा नियम हाय!" हा आवाज उगवतीच्या हॉटेलवाल्यांचा होता. भक्तच ते, साहेबांचा शब्द कसा मोडू देतील?

भैय्यासाहेबांनी वीणा खाली ठेवायला जागा शोधल्यासारखं इकडंतिकडं बघितलं आणि सगळ्या मंडपातून "हां हां हां!" असा आवाज आला. पट्टा त्यांनी गुपचूप परत मानेत घातला. मग महाराजांकडं वळले. "महाराज, तुमीच काय ते सांगा."

महाराज टाळाची दोरी बोटाला गुंडाळत होते. "नियम तुमच्या साहेबांचा. मी बापडा पाहुणा. सात दिवस मला चिठ्ठ्या येऊन राहिल्या, साहेबांच्या कार्यावर बोला म्हणून. मला मेल्याला काय ठाऊक? तुमी चिरंजीव. बोला."

तेवढ्यात भैय्यासाहेबांच्या खिशात मोबाईल वाजला. सिनेमातलं गाणं, तेही तसलं. माईकनं ते उचललं आणि शाळेच्या कर्ण्यानं साऱ्या गावाला ऐकवलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. विश्रामगृहावर पाहुणे तयार होऊन बसले असणार. भैय्यासाहेबांनी खिशावर हात दाबला आणि मोतीबाईकडं वाकून कुजबुजले, "मावशी, तमाशा नको. परवा या, कागद देतो."

कर्णे म्हणाले, "कागद देतो."

"कागद मागून राहिले न्हाई आता," मोतीबाई म्हणाली. "नुसतं तोंडानं सांगा. मला वीणा घ्यायचीय. तास चाललाय देवाचा."

भैय्यासाहेबांनी नायब तहसीलदारांकडं पाहिलं. नायब तहसीलदार पायातल्या बुटांकडं पाहू लागले. कापडात गुंडाळलेला पुतळा मंडपाच्या तोंडाशी चौकात उभा होता, एक हात वर केलेला, कापडातूनही कळत होतं. बापाचा नियम, बापाची गिरणी, बापाचा पुतळा, आणि मधे वीणा गळ्यात घेऊन पोरगा. मला त्या क्षणाला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू? उभं राहून त्याच्या पोटऱ्या दुखत होत्या.

"देविदास," भैय्यासाहेब म्हणाले, "सध्या कामावर न्हाई."

"सध्या म्हंजी?" मागून कोणी.

"पाच वर्षांपासून न्हाई."

"अन् गिरणी?" हे विचारलं उगवतीच्या हॉटेलच्या मालकानं, दामाजीनं. साहेबांच्या फोटोला रोज हार घालणारा माणूस. त्याचा मुलगा मस्टरवर जॉबर आहे आणि जवळा बाजारला दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलतो.

भैय्यासाहेबांनी डोळे मिटले. "गिरणी बंद हाय."

"बंद हाय," बसस्टँड म्हणालं.

गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट, पण त्या घरातल्या तोंडून ती पहिल्यांदा बाहेर पडली होती. मोतीबाईनं पुन्हा वाकून पाय धरले, मग मान पुढं केली, आणि भैय्यासाहेबांनी वीणा तिच्या गळ्यात घातली. वीणा तिच्या मानानं मोठी. तिनं ती नातीला कडेवर घ्यावं तशी सावरली आणि तारेवरून बोट फिरवलं.

आता वीणा देणाऱ्यानं नव्या वीणेकऱ्याच्या पाया पडायचं असतं. हे भैय्यासाहेब विसरले होते, किंवा विसरू पाहत होते. ते निघालेच होते. मी माईकवर हळूच म्हणालो, "भैय्यासाहेब, पाया." ते परत फिरले, फेटा सावरला आणि तांड्यावरच्या मोतीबाईच्या भेगाळलेल्या पायांवर डोकं ठेवलं. सकाळपासून तासभर एकाच जागी बटण दाबून राहिलेल्या फोटोवाल्याच्या हाताला सवय लागली होती. त्यानं याही डोक्यावर उजेड पाडला. तो फोटो पेपरात आला, खाली मजकूर होता, 'कामगारांच्या मातेचा सन्मान'.

नायब तहसीलदार खुर्चीतून उठून पुढं आले. "बाई, सोमवारी तहसीलला या. मालकानं समक्ष सांगितलं, मी ऐकलं. नाव परत चढवतो." मोतीबाईचा पगार चैत्रापासून सुरू झाला आणि निलम शाळेतच राहिली, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या गडबडीत राहून जाईल.

कारण भैय्यासाहेब गाडीकडं वळले तोच बायकांतून पारुबाई उभी राहिली. सेवा चव्हाणची बायको. अकरा ते बारा.

"मालक, जरा थांबा."

"तुमच्या पहाऱ्याला तास हाय अजून, पारुबाई. मला पाहुणे आणायचेत."

"तास हाय, पर तुमी तवा इथं नसताल. माझा मालक तीन वर्सांमागं वारला. माती आमीच दिली. तहसीलीत म्हणतात, तुमचा नवरा गिरणीत कामाला जातो, कायम हाय, तुमी विधवा कशा? त्यो मेला एवढं सांगून जा. मी बी देवापुढं मेल्या माणसाची हजेरी लावून उभी ऱ्हाऊ का?"

तिच्या मागं आणखी दोघीतिघी उठल्या. पुरुषांतूनही काही जण. दामाजी हॉटेलवाला त्यांच्यात होता.

भैय्यासाहेब एक पाय मंडपाबाहेर टाकून थबकले. वीणा आता त्यांच्या गळ्यात नव्हती, त्यांना कोणी धरून ठेवलं नव्हतं. माईकजवळून मोतीबाईचा आवाज आला, अगदी साधा, कोणाला पाणी हवं का विचारावं तसा:

"मालक, वीणा परत तुमच्या गळ्यात घालू का? म्हंजी सांगायला सोपं जाईल."

महाराजांनी टाळ खाली केले आणि चौथऱ्याच्या कडेला निवांत बसून घेतलं. नायब तहसीलदारांनी खिशातून पेन काढलं. भैय्यासाहेबांचा मोबाईल पुन्हा वाजला. त्यांनी तो काढला, कोणाचा आहे ते बघितलं आणि बंद केला.